तोंड आमचे, शब्द कुणाचे?

१९७२ हे वर्ष मराठी भाषेच्या इतिहासात दोन वेगळ्या कारणांसाठी लक्षात ठेवावे लागेल. त्या वर्षी दलित पँथरचा जन्म झाला आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. ज्या शब्दांना मराठी वाङ्मयाने उंबऱ्याबाहेर ठेवले होते ते शब्द त्या संग्रहाने थेट पानावर आणून बसवले. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही त्यांतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पहिल्या घटनेची नोंद आपल्या चळवळीने आणि समीक्षेने घेतली. दुसरीची घेतली नाही. दूरदर्शन ही करमणुकीची बाब, तिचा विचार काय करायचा, अशी आपली समजूत राहिली. परंतु गेल्या पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांतल्या माणसाच्या तोंडात जे शब्द येऊन बसले त्यांपैकी पुस्तकांतून किती आले आणि त्या काचेच्या पेटीतून किती आले, याचा हिशेब मांडला तर आपल्याला ही उपेक्षा परवडणारी नाही हे कळून येईल.

या लेखात मी त्या हिशेबाचा एक छोटा भाग मांडतो आहे. मालिका, जाहिराती आणि कार्यक्रम यांतली पालुपदे, म्हणजे तीच तीच म्हटली जाणारी वाक्ये, लोकांच्या रोजच्या बोलण्यात कशी उतरतात, हा त्याचा विषय. मी मावळात वाढलो, मावळातच शिकवतो. म्हणून उदाहरणे जमतील तेवढी इथलीच घेतो. माझा प्रश्न मात्र भाषाशास्त्राचा नाही. पालुपद कुणाच्या तोंडून निघते, कुणाच्या तोंडात जाते आणि या प्रवासात माणूस मोठा होतो की लहान, हा माझा प्रश्न आहे.

पालुपद ही दूरदर्शनने शोधून काढलेली वस्तू नव्हे. मावळात तर तिचा लेखी पुरावा सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. मळवली स्टेशनावर उतरून कार्ल्याच्या लेण्याला जावे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. त्यांची घडण ठरलेली आहे. आधी गाव, मग माणसाचे नाव, आणि शेवटी ‘थभो दानं’, म्हणजे हा खांब दान दिला. धेनुकाकट या गावाचे नाव तर पुन्हा पुन्हा येते. दाते राजेरजवाडेच होते असे नाही. व्यापारी आहेत, परदेशातून आलेले यवन आहेत, आणि प्रवेशद्वाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. भाषा पंडितांची संस्कृत नव्हे, लोकांची प्राकृत आहे. एका ठरलेल्या वाक्याच्या साच्यात सुताराने आपले नाव आणि गाव घातले आणि ते दगडावर राहिले. साचा सर्वांचा, नाव ज्याचे त्याचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्याला तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

यानंतरच्या शतकांत गावगाडा पक्का झाला आणि त्या गाड्याला त्याची स्वतःची पालुपदे जुंपली गेली. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे दवंडीचे ‘ऐका हो ऐका’. आज हे शब्द नाटकाच्या जाहिरातीत येतात, निवडणुकीच्या रिक्षावरच्या भोंग्यातून येतात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतात. ते मूळचे कुणाच्या तोंडचे, हे कुणी विचारत नाही. सरकारी वसुली, पाटलाचा हुकूम, गावची सभा हे सारे गावभर ओरडून सांगण्याचे काम वतनाच्या कामांत मोडे आणि ते महाराच्या किंवा हलगी वाजवणाऱ्या मांगाच्या वाट्याला येई. म्हणजे गावाला सर्वांत मोठ्याने ऐकू येणारा आवाज आमचा होता. पण त्या आवाजात आमचे एक अक्षरही नव्हते. हुकूम दुसऱ्याचा आणि घसा आमचा. ज्याच्या सावलीचा विटाळ होई त्याचा आवाज मात्र माजघरापर्यंत चालत असे!

दुसरे पालुपद ‘जोहार’चे. वरच्या जातीचा माणूस समोर आला की महाराने वाकून तो शब्द उच्चारायचा. इथे आवाजही आमचाच आणि शब्दही आमच्यासाठीच राखून ठेवलेला. अपमान रोज म्हणायला लावला की काही पिढ्यांनी तो अपमान वाटेनासा होतो. तो रिवाज होतो. पालुपदाची ही सर्वांत भयंकर शक्ती आहे.

ही शक्ती उलट दिशेने वळवता येते, हे आपल्या चळवळीने सिद्ध केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने, कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. पण कायद्याच्या कितीतरी आधी जिभेवरचे वतन सुटले होते. कामठीच्या बाबू हरदास यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले. त्याच्या प्रसारासाठी सरकारी नभोवाणी नव्हती, वर्तमानपत्रांचे मथळे नव्हते. भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे होते, सभा होत्या, आणि सभेहून घरी चालत जाणारी माणसे होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी, याच पुणे-लोणावळा लोहमार्गावरच्या देहूरोडला, बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या काळापर्यंत ‘जोहार’ म्हणणारी पिढी थकली होती आणि ‘जय भीम’ म्हणणारी पिढी उभी राहिली होती. ‘जोहार’ म्हणताना मान खाली जाई आणि उत्तर मिळत नसे. ‘जय भीम’ला उत्तरही ‘जय भीम’च. दोन माणसांना एका पातळीवर आणणारे ते पालुपद आहे.

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवून आता दूरदर्शनकडे वळू.

मुंबई केंद्राचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत पुणे भागात दिसू लागले तरी मावळात ते सहजासहजी पोचले नाहीत. डोंगर आडवे येत. कौलावर चढून अँटेना फिरवायची आणि खालून कुणीतरी ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हे तर त्या काळचे सार्वत्रिक पालुपदच होते. माझ्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात त्या दिवसांचे दोन शब्द अजून आहेत. एक, प्रक्षेपण बंद पडले की पडद्यावर येणारी ‘व्यत्यय’ ही पाटी. आमच्या वस्तीतली, शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे हा संस्कृत शब्द बिनचूक वापरत. पाळणाघरात पोर रडले की व्यत्यय, बैठकीत दारुडा आला की व्यत्यय. दुसरा शब्दप्रयोग ‘आमची माती आमची माणसं’. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाचे हे नाव पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि लेखांच्या मथळ्यांत जाऊन बसले. ज्यांच्या नावावर माती नव्हती ती आमची माणसेही हे नाव म्हणत राहिली. कार्यक्रम त्यांच्यासाठी नव्हता, पण शब्द त्यांना गोड लागले.

करमणुकीच्या मालिकांत सुरुवातीला वावरली ती चिमणराव-गुंड्याभाऊंची, म्हणजे पांढरपेशा पुणेरी घराची मराठी. पुढे १९८४ साली ‘हम लोग’ आली, १९८७ साली ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ आले, आणि हिंदीची पालुपदे मराठी वस्त्यांत शिरली. ‘मैं समय हूँ’ हे वाक्य तर लग्नाला उशीर करणाऱ्या पाहुण्यालाही लावले जाई.

माझी पिढी ‘शक्तिमान’ची. ही मालिका १९९७ साली सुरू झाली. तिच्यातल्या खलनायकाचे ‘अंधेरा कायम रहे’ हे वाक्य आम्ही भारनियमनाच्या काळात रोज वापरले. दिवे गेले की वस्तीतली सारी पोरे एका सुरात ते ओरडत. तेव्हा ती गंमत होती. पुढे इतिहास शिकताना कळले की वळवण, शिरवटा आणि लोणावळा या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार करीत आले आहे. ज्या मुलखाच्या पाण्यावर मुंबई उजळली त्या मुलखातली पोरे अंधारात उभी राहून दूरच्या एका खलनायकाचे वाक्य म्हणत होती. वाक्य उसने होते, पण अंधार आमचा होता. पालुपद लोकांत रुजते त्याचे एक कारण इथे सापडते. ते रिकाम्या भांड्यासारखे असते. त्यात ज्याला जे भरायचे ते भरता येते.

दुसरे कारण आहे पुनरावृत्तीचे. दैनंदिन मालिका आली आणि एकच वाक्य ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तोंडून, रोज कानावर पडू लागले. गावगाड्याने जे हुकमाने केले ते मालिकेने सवयीने केले. १९९८ साली सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’मधले ‘दया, दरवाजा तोड दो’ हे शब्द ज्याने मालिका पाहिली नाही त्यालाही पाठ आहेत. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आली आणि ‘लॉक कर दिया जाए’ हे वाक्य माझ्या गावात सोयरीक ठरवतानासुद्धा म्हटले गेले.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पालुपद ही दुबळ्याची ढाल असते. २०१३ ते २०१६ या काळात झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका चालली. तिची नायिका जान्हवी आपल्या नवऱ्याला ‘काहीही हं श्री’ म्हणे. हे सुखवस्तू गोखल्यांच्या दिवाणखान्यातले लाडिक वाक्य. पण भातलावणीला गेलेल्या आमच्या बायांनी त्याचे काय केले ते पाहा. मुकादम मजुरीचा हिशेब चुकवू लागला की त्यांतली एखादी हसत म्हणे, ‘काहीही हं श्री!’ आणि बांधावर हशा पिके. ‘तुम्ही खोटं बोलता’ असे ती बाई म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतले नसते. जान्हवीच्या तोंडून म्हटल्यामुळे मुकादमालाही हसावे लागे आणि हिशेबही पुन्हा करावा लागे. उसन्या तोंडाने खरे बोलण्याची ही युक्ती आमच्या लोकांना नवी नाही. तमाशातल्या सोंगाड्याने राजाच्या मुखवट्यासमोर पाटलाला ऐकवले ते असेच.

म्हणून दूरदर्शनने लोकांची भाषा नासवली, अशी जी तक्रार सभ्य मंडळी करतात तिच्यात मी सामील होत नाही. लोक मुके नसतात. दिलेले शब्द ते आपल्या कामाला लावतात. तरीही एक गोष्ट उरतेच. ढाल दुसऱ्याच्या कारखान्यात घडलेली असते.

हा कारखाना काही वर्षे प्रत्यक्ष आमच्या लोणावळ्यात होता! ‘बिग बॉस’ ही हिंदी मालिका २००६ साली सुरू झाली. मूळ कल्पना १९९९ साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ या नावाने आलेल्या कार्यक्रमाची, आणि ते नाव जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतले. कादंबरीत तो सर्वांवर नजर ठेवणारा हुकूमशहा होता. दूरदर्शनवर तो करमणुकीचा यजमान झाला. मुंबईच्या चित्रनगरीत जाण्यापूर्वी, २०१८ पर्यंत, या मालिकेची बहुतेक पर्वे लोणावळ्यात उभारलेल्या घरात झाली. मराठीतले पहिले पर्वही २०१८ साली तिथेच झाले. माणसांना घरात कोंडायचे, जागोजाग कॅमेरे लावायचे, आणि न दिसणाऱ्या मालकाच्या आवाजाने हुकूम द्यायचे. ‘बिग बॉस चाहते हैं’ या शब्दांनी तो हुकूम सुरू होई. देशभरच्या घरांत नवराबायको, अधिकारी-कारकून हे वाक्य थट्टेने म्हणू लागले.

आमच्याकडे त्याला वेगळा अर्थ होता. लोणावळा-खंडाळा हा बंगल्यांचा मुलूख. मालक मुंबईला, आणि बंगला सांभाळणारे, धुणीभांडी करणारे, बाग राखणारे भोवतालच्या वाड्यावस्त्यांतले. माझी आई अशाच एका बंगल्यावर कामाला होती. मालक वर्षातून पाच-सहा वेळा येई. एरवी त्याचा फोन येई. चादरी बदला, पाहुणे येणार आहेत, पोरांना आत आणू नका. मालक दिसत नसे, हुकूम ऐकू येई. ‘बिग बॉस’ सुरू झाल्यावर आमच्या वस्तीतल्या बायका त्या फोनला ‘बिगबॉस’ म्हणू लागल्या. ‘बिगबॉसचा फोन आलाय’, एवढे म्हटले की सर्वांना कळे. बंदिस्त घरात अदृश्य मालकाचे हुकूम पाळणे हा शहरी प्रेक्षकाला थरारक खेळ वाटत होता. आमच्या आयांसाठी तो पोटाचा धंदा होता, आणि त्या खेळाला बक्षीस नव्हते.

आतापर्यंतची दिशा एकच आहे. शब्द वरून खाली आले, शहरातून वस्तीत आले. अलीकडे मात्र उलटा प्रवाह दिसू लागला आहे. २०१६ साली ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेतल्या राणाने ‘चालतंय की’ हे कोल्हापुरी बोल महाराष्ट्रभर नेले. सोनी मराठीवर २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे हा नट ‘गौऱ्या, पवई फिल्टरपाडा’ अशी स्वतःची ओळख करून देऊ लागला. मुंबईच्या झोपडवस्तीचा पत्ता, जो नोकरीच्या अर्जावर लिहिताना आमची पोरे कचरतात, तो त्याने पालुपद केला. आणि २०२४ साली ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व सूरज चव्हाणने जिंकले. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, आईवडिलांविना वाढलेला, शिक्षण अर्धवट राहिलेला हा तरुण. मोबाईलवरच्या टिकटॉकने त्याला नाव दिले होते. २०२० साली त्या टिकटॉकवर बंदी आली. त्याचे ‘गुलीगत धोका’ आणि ‘झापुक झुपूक’ हे शब्द कुठल्याही शब्दकोशात नव्हते. ते शाळकरी पोरांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सर्वांच्या तोंडी झाले. २०२५ साली ‘झापुक झुपूक’ नावाचा चित्रपटही आला.

मग काय, विजय झाला म्हणायचा का? इथे मी थबकतो. सूरजचे शब्द म्हणणारी सारी माणसे सूरजसारख्या माणसाला आपल्या शेजारी बसवून घेतात काय? ‘गुलीगत’ म्हणून हसणारा प्राध्यापक वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हसतो तेव्हा ती दोन्ही हसू एकाच जातीची असतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो तेव्हा शिकवणाऱ्यांनी मला तो शब्द वर्गासमोर दहा वेळा म्हणायला लावला. वर्ग दहा वेळा हसला. ते दहा हशे मी विसरलेलो नाही. आज तोच उच्चार पडद्यावरून आला की लोक त्याला गोड म्हणतात. पडद्यावर गोड आणि वर्गात अशुद्ध, हा कुठला न्याय? दवंडीच्या काळी त्यांना आमचा आवाज हवा होता आणि माणूस नको होता. आज त्यांना आमचा शब्द हवा आहे. माणूस हवा आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरात रोज बोलली जाणारी पालुपदे लिहून आणा आणि प्रत्येकापुढे ते कुठून आले ते लिहा. लोकलने येणारी, पवन मावळातून एस.टी.ने येणारी, आंदर मावळातून दुचाकीवर येणारी मुले वह्या भरून घेऊन आली. बहुतेक वाक्ये मालिकांतली, मोबाईलवरची. एक मुलगा तास संपल्यावर थांबला. म्हणाला, ‘सर, आमचे पंजोबा दवंडी द्यायचे. आजोबा अजून घरात कुणाला हाक मारायची तर “ऐका हो ऐका” म्हणतात. हे लिहायचं का?’ मी त्याला विचारले, ‘न लिहिण्याचं कारण काय?’ तो म्हणाला, ‘त्यावरनं जात कळंल ना, सर.’ मी त्याला तेच सर्वांत वर लिहायला सांगितले. त्याने लिहिले, आणि पुढच्या तासाला ते उभे राहून वाचलेही. वर्गातल्या एकालाही त्या शब्दांचा उगम ठाऊक नव्हता. त्या दिवशी कुणी हसले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे असे मला वाटते. पालुपदे अडवता येणार नाहीत, अडवूही नयेत. पण प्रत्येक पालुपदाला तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावता येईल. हे पहिल्यांदा कोण म्हणाले? ते म्हटल्यावर कोण कुणाला हसते? आणि म्हणणाऱ्याचे नाव त्याच्यासोबत राहते की गळून पडते? दवंडीच्या शब्दांतून आमची नावे गळून पडली. एकाही दवंडीवाल्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. कार्ल्याच्या दारावर सामी सुताराचे नाव राहिले, कारण ठरलेल्या साच्यात त्याने स्वतःचे गाव आणि स्वतःचे नाव घातले होते. ‘गौऱ्या, पवई फिल्टरपाडा’ या तीन शब्दांची घडण मला त्या लेखासारखीच वाटते. नाव आहे, गाव आहे. त्याला दानाचे, म्हणजे कर्तृत्वाचे वाक्य जोडायचे काम पुढच्या पिढीचे आहे, आणि तिला ते जोडता यावे एवढी निर्भय जागा वर्गात ठेवण्याचे काम आपले.